एकाच गिऱ्हाइकाचं फळ

नोंद मोठी आहे, सवडीने वाचा.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेला लागून हेरफर्डशर नावाचा जिल्हा आहे. तिथे पेअरचा एक जुना वाण आहे, बार्लंड. या फळाबद्दल सतराव्या शतकातच लिहून ठेवलंय की भुकेलं डुक्करसुद्धा त्याला तोंड लावत नाही. इतकं तुरट. तरी तिथल्या शेतकऱ्यांनी ही झाडं लावली, कलमं केली, पिढ्यान् पिढ्या सांभाळली. कारण ते फळ खाण्यासाठी नव्हतंच. रस काढायचा आणि आंबवायचा. पेअरच्या आंबवलेल्या रसाला ते पेरी म्हणतात, सफरचंदाच्या रसाला सायडर.

जे फळ माणूस खात नाही, जनावर खात नाही, मंडईत विकत नाही, ते फळ शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर लावलं, आणि त्या भरवशाचं पुढे काय झालं, एवढाच या नोंदीचा विषय आहे.

मला हा विषय का सुचला तेही सांगतो. माझ्याकडे दिंडोरी तालुक्यात दीड एकर वाइनची द्राक्षं आहेत, बाकी बाग टेबलची. वाइनच्या द्राक्षाचा मणी बारीक, साल जाड, आत बिया. मार्केटला नेलं तर व्यापारी क्रेटकडे बघणारही नाही. म्हणजे तेही एकाच गिऱ्हाइकाचं फळ. माझा करार या हंगामानंतर संपतोय आणि पुढे सही करायची का नाही ते गोडी छाटणीच्या आत ठरवायचंय. अशा वेळी ज्यांनी हेच काम आपल्या आधी साडेतीनशे वर्षं केलं, त्यांचं काय झालं ते बघितलेलं बरं.

मे महिन्यात पुतण्याकडे बर्मिंगहॅमला गेलो होतो. खरड छाटणी उरकली होती, फुटी भावाच्या हवाली केल्या होत्या. एका शनिवारी पुतण्या म्हणाला, "काका, हेरफर्डकडे बिअर आणि सायडरचा उत्सव आहे, चला." मी पीत नाही. हे आधीच सांगतो, नाहीतर खाली पहिला प्रश्न तोच येईल. पण झाडं बघायला मिळतील म्हणून गेलो, आणि गेलो ते बरं झालं.

गावाचा हॉल, बाजूच्या कुरणात मोठा तंबू. दारात पैसे भरून काचेचा ग्लास घ्यायचा, त्यावर मापाच्या रेघा. बहुतेक लोक पाइंटचा तिसरा हिस्सा, म्हणजे दोनशे मिलीला थोडं कमी, एवढंच घेत होते. चव बघायची, बोलायचं, पुढच्या टेबलाकडे जायचं. पिंपांवर चिठ्ठ्या होत्या: शेतकऱ्याचं नाव, गाव, सफरचंदाचा वाण, गोड का कोरडी. आपण आंबा महोत्सवात पेटीवर वाचतो तसंच. स्पर्धाही होती, आणि तिथे बनवणारेच एकमेकांच्या मालाचे परीक्षक. बाटलीवर फक्त नंबर. चाखणारे सगळे हातांना घट्टे पडलेले लोक.

तंबूची एक बाजू बिअरची. बिअरला कडवटपणा देणारं हॉप हे पीकही याच जिल्ह्यातलं. हॉपचे वेल खांब आणि तारांवर पाच-सहा मीटर उंच चढवतात. दुरून बघितलं तर आपला मांडवच, फक्त दुप्पट-तिप्पट उंच. हॉपची लागवड इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात फ्लँडर्सकडून आली. त्याआधी त्यांची एल नावाची बिअर बिनहॉपची असायची. पण मी तिथे फार थांबलो नाही. माझं लक्ष सफरचंदाकडे होतं.

एका टेबलावर सत्तरीतले एक शेतकरी एकेका वाणाचा ताजा रस गरम करून बाटलीबंद केलेला विकत होते. न आंबवलेला. मी किंग्स्टन ब्लॅकचा रस घेतला. पहिल्या घोटाला गोड, मग आंबट, आणि मग जीभ टाळूला चिकटली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर होते तशी. ते हसले आणि म्हणाले, हाच तुरटपणा आमचं सोनं. टॅनिन नसेल तर सायडर म्हणजे नुसतं आंबट पाणी.

इथे थोडं शास्त्र. ब्रिस्टलजवळ लाँग ॲश्टनला 1903 मध्ये सायडरसाठी राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. तिथल्या बार्कर या संचालकांनी सायडरच्या सफरचंदांचे चार गट पाडले, ते आजही चालतात. रसात आम्ल 0.45 टक्क्यांच्या वर असेल तर आंबट, टॅनिन 0.2 टक्क्यांच्या वर असेल तर तुरट. दोन्ही कमी तर गोड. फक्त टॅनिन जास्त तर तुरट-गोड. दोन्ही जास्त तर तुरट-आंबट. आम्ल जास्त आणि टॅनिन कमी तर नुसतं आंबट. किंग्स्टन ब्लॅक तुरट-आंबटात बसतं, डॅबिनेट तुरट-गोडात. डॅबिनेट हा वाण सॉमरसेटमध्ये कुंपणात आपोआप उगवलेल्या रोपातून मिळाला. यार्लिंग्टन मिल हा दुसरा नावाजलेला वाण गिरणीच्या पाणचक्कीजवळ उगवलेला. म्हणजे मोठमोठे वाण संशोधकाच्या प्लॉटवर नाही, बांधावर सापडले. आपल्याकडे द्राक्षाचे सोनाका, माणिक चमन, शरद सीडलेस हे वाण शेतकऱ्यांनी बागेत वेगळी दिसलेली काडी उचलून वाढवले, तसंच.

आता मूळ इतिहासाकडे येतो.

सतराव्या शतकात हेरफर्डशरच्या होम लेसी गावचे लॉर्ड स्कुडामोर हे मोठे जमीनदार. फ्रान्समध्ये इंग्लंडचे राजदूत होते. 1639 मध्ये परत आल्यावर त्यांनी बागेत लक्ष घातलं आणि रेडस्ट्रीक नावाचं सफरचंद वाढवलं. या वाणाच्या सायडरला लंडनमध्ये फ्रेंच वाइनच्या बरोबरीचा मान मिळाला. 1664 मध्ये जॉन एव्हलिनने झाडांवरच्या आपल्या ग्रंथाला सायडरवरचं एक पुस्तक जोडलं, त्यात या जिल्ह्याचं भरभरून कौतुक आहे. फ्रान्सशी लढाया व्हायच्या, वाइन यायची बंद व्हायची, तेव्हा सायडरला भाव. म्हणजे पहिली तेजी चवीची होती तशी आयातबंदीचीही होती. आयात थांबली की भाव, आयात सुरू की मंदी, हे गणित आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण जमीनदाराची बाटली लंडनला जायची, तेव्हा साध्या शेतकऱ्याकडे काय होतं? जवळजवळ प्रत्येक मोठ्या शेतावर सायडरचा स्वतःचा घाणा होता. गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, आणि ते फिरवायला घोडा. आपल्याकडचा चुन्याचा घाणा आठवा. फळ चिरडायचं, तो लगदा घोड्याच्या केसांच्या कापडात गुंडाळून थरावर थर रचायचा आणि वरून स्क्रूने दाबायचं. रस पिंपात. चोथा जनावरांना. माझ्या आजोबांच्या वेळी गावात गुऱ्हाळं होती, त्याचीच ही बहीण. हंगामात शेजारी शेजाऱ्याच्या घाण्यावर फळ घेऊन यायचा.

आणि ही सायडर जायची कुठे? बरीचशी मजुरीत. शेतमजुराच्या पगाराचा एक हिस्सा सायडरमध्ये द्यायची पद्धत होती. कापणीच्या दिवसांत माणशी रोज गॅलनभर, कधी त्याहून जास्त. गॅलन म्हणजे साडेचार लिटर. मजूर लाकडी बुधला कमरेला लावून शेतात जायचा. मालकाला ते स्वस्त पडायचं, कारण सफरचंद घरचं आणि घाणाही घरचा. मजुराच्या घरी मात्र तेवढा पैसा कमी जायचा. बायकोपोरांना त्या सायडरचा काय उपयोग? उत्सवात सायडरला गावाची परंपरा म्हणून मिरवतात, पण त्या परंपरेचा हा भागही लिहून ठेवायला हवा. शेवटी 1887 च्या कायद्याने मजुरीचा भाग म्हणून दारू द्यायला बंदी आली. कायदा आल्यावरही प्रथा लगेच मेली नाही, पण हिशेब पैशात होऊ लागला.

त्याच्या आधीचा एक प्रसंग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 1763. सात वर्षांचं युद्ध नुकतंच संपलेलं, इंग्लंडच्या सरकारवर कर्जाचा डोंगर. पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्या सरकारने सायडरवर कर बसवला, हॉग्सहेड नावाच्या मोठ्या पिंपाला 4 शिलिंग. रकमेपेक्षा लोकांना झोंबलं ते दुसरंच. कर बनवणाऱ्याने भरायचा होता. म्हणजे अबकारीचा माणूस शेतकऱ्याच्या घरात, तळघरात, घाण्यावर कधीही घुसून पिंपं मोजू शकणार. सायडरच्या जिल्ह्यांत मोर्चे निघाले. ब्यूट नावावरून बूट जाळले. काही आठवड्यांत ब्यूट यांनी राजीनामा दिला, आणि 1766 मध्ये तो कर रद्द झाला. इंग्रज माणूस ज्याला स्वतःच्या उंबरठ्याचा हक्क म्हणतो, त्याच्या भांडणात सायडरच्या शेतकऱ्याचा मोठा वाटा आहे.

याच इंग्रजांनी पुढे आपल्याकडे काय केलं तेही बघा. 1878 चा मुंबई अबकारी कायदा आला. ठाणे आणि कुलाबा भागात ताडी-माडी काढणाऱ्या भंडाऱ्यांवर झाडामागे कराचा बोजा वाढला. 1892 मध्ये मोहाचा कायदा करून त्याच भागात मोहफुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावर निर्बंध आले. मोहफूल हे आदिवासींचं नुसतं दारूचं साधन नव्हतं, टंचाईतलं खाणं होतं. स्वतःच्या देशात तीन वर्षांत मागे घेतलेली गोष्ट इथे खुशाल राबवली. फरक एवढाच की हेरफर्डच्या जमीनदारांची माणसं संसदेत होती, मोहाच्या झाडाखालच्या माणसाचं तिथे कुणी नव्हतं.

करानंतरचं दुसरं संकट आरोग्याचं. डेव्हन हाही सायडरचा जिल्हा. तिथे लोकांना पोटात जीवघेण्या कळा यायच्या, हातपाय लुळे पडायचे. लोक म्हणायचे सायडर आंबट आहे म्हणून होतं. 1767 मध्ये जॉर्ज बेकर या डॉक्टरांनी दाखवून दिलं की दोष सफरचंदाचा नाही, शिशाचा आहे. डेव्हनमध्ये घाण्याचे दगड जोडायला आणि दाबयंत्राला आतून शिसं वापरायचे. सायडरचं आम्ल ते विरघळवायचं. हेरफर्डमध्ये शिसं वापरत नव्हते, तिथे हा आजार नव्हता. बेकर स्वतः डेव्हनचे, पण त्यांना सर्वांत जास्त विरोध डेव्हनमधूनच झाला. माल बदनाम होईल ही भीती. पण शिसं गेलं तसा आजारही गेला.

2010 मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले होते, ते आठवतंय ना? तेव्हाही आपल्यात दोन बाजू होत्या. एक म्हणायची हा परदेशी डाव आहे, दुसरी म्हणायची सीसीसीचा हिशेब मांडा. जो वेळेवर तपासणी मान्य करतो तो वाचतो, हे 1767 मध्येही खरं होतं.

शेतीशास्त्राच्या मित्रांसाठी एक मुद्दा. अठराव्या शतकाच्या अखेरीस रेडस्ट्रीकसारखे नामांकित वाण खंगायला लागले. फांद्या वाळत, खोडाला कँकर, फळ कमी. थॉमस अँड्र्यू नाइट नावाचे हेरफर्डशरचेच अभ्यासक होते. 1797 मध्ये त्यांनी सफरचंद आणि पेअरच्या लागवडीवर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कलम म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा, त्यामुळे मूळ झाड म्हातारं झालं की जगभरातली त्याची कलमंही म्हातारी होतात. म्हणून बियांपासून नवीन वाण करा. त्यांनी एका वाणाचे पराग दुसऱ्यावर टाकून ठरवून संकर केले. मेंडेलच्या कितीतरी आधी. कलमाला वय असतं हा त्यांचा सिद्धान्त पुढे टिकला नाही. कलमाच्या काडीबरोबर विषाणू आणि रोग पुढे जातात, हे आज आपल्याला माहीत आहे. पण नवीन वाण करा हा सल्ला बरोबर होता. विसाव्या शतकात ईस्ट मॉलिंग आणि लाँग ॲश्टन या दोन संस्थांनी मिळून विषाणूमुक्त खुंट आणि काड्या दिल्या, त्या दोन्ही संस्थांच्या आद्याक्षरांवरून एम्ला म्हणून ओळखल्या जातात. आपण डॉगरिजवर डोळा भरताना काडी कुणाच्या बागेतली हे विचारतो का? विचारलं पाहिजे. लीफरोल काडीतूनच येतो.

आता 1887 कडे परत येऊ. ज्या वर्षी मजुरीत दारू द्यायला बंदी आली, त्याच वर्षी हेरफर्डजवळच्या क्रेडनहिल गावच्या पाद्र्याचा मुलगा पर्सी बुल्मर याने वडिलांच्या बागेतल्या सफरचंदांची सायडर करून धंदा सुरू केला. नंतर भाऊ फ्रेड आला. शेतावरची सायडर दर पिंपाला वेगळी, कधी उत्तम, कधी शिरका. कारखान्याने चव एकसारखी केली, बाटली रेल्वेने पाठवली, शहरात गिऱ्हाईक मिळवलं. शेतकऱ्याला पहिल्यांदा फळ विकण्याचा सोपा रस्ता मिळाला. घाणा फिरवायची गरज नाही, पिंप फुटायची भीती नाही. फळ गाडीत घाला, वजन करा, पैसे घ्या.

गुऱ्हाळ आणि साखर कारखाना. बघा, तीच गोष्ट. ऊस मोजून दिला की मोकळे. पण गूळ करायची कला पुढच्या पिढीत उतरत नाही, चुलवाण पडतं, कढई भंगारात जाते. मग कारखान्याने तोड लांबवली की शेतकऱ्याच्या हातात दुसरं काही नसतं.

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये तेच झालं. शेतावरचे घाणे बंद पडले. काही अंगणात फुलझाडांच्या कुंड्या झाले, मी स्वतः एक बघितला. जुन्या बागा म्हणजे मोठी उंच झाडं, खाली मेंढ्या चरायच्या. त्यांच्या जागी बुटक्या झाडांच्या दाट ओळी आल्या. झाड यंत्राने हलवायचं, फळ जमिनीवरून यंत्राने गोळा करायचं. लाँग ॲश्टनने कारखान्याचा हंगाम लवकर सुरू व्हावा म्हणून लवकर पिकणारे 29 नवीन वाण केले. बागायतदार त्यांना "मुली" म्हणतात, कारण बऱ्याच वाणांना बायकांची नावं आहेत. त्या मुली मोठ्या व्हायच्या आत, 2003 मध्ये, ती संस्थाच बंद पडली. शंभर वर्षांची संस्था. दुसऱ्या महायुद्धात ज्या काळ्या करंटच्या सिरपने इंग्लंडच्या पोरांना क जीवनसत्त्व पुरवलं, ते सिरपही तिथेच तयार झालं होतं.

1990 च्या दशकात मोठ्या खरेदीदारांनी दीर्घ मुदतीचे करार करून शेतकऱ्यांना नवीन बागा लावायला लावल्या. त्या उत्सवातले सत्तरीचे शेतकरी त्यातलेच. पुतण्या मधे बसून बोलणं मराठीत सांगत होता. ते म्हणाले, "करार चांगला होता. तीस वर्षं चेक वेळेवर आला. मी कुणाला नावं ठेवणार नाही. पण करार संपला तेव्हा मागणी घटलेली होती, आणि पत्र आलं की पुढे गरज नाही. झाडं अजून फळ देतायत. ही सफरचंदं मी सुपरमार्केटला देऊ शकत नाही, घोड्यालाही किती घालणार?" त्यांनी अर्धी बाग उपटली. उरलेल्या बागेचा रस आणि थोडी सायडर स्वतः करतात. टेबलावरच्या बाटल्या त्याच बागेच्या.

मी विचारलं, परवान्याचं, कराचं कसं जमतं? तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. 1976 मध्ये तिथे सायडरवर पुन्हा कर आला. पण त्यात एक सूट ठेवली: वर्षाला 70 हेक्टोलिटर, म्हणजे 7,000 लिटरपर्यंत बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाला कर नाही. 7,000 लिटरला दहा-बारा टन फळ लागतं, म्हणजे चांगल्या बुटक्या बागेचा साधारण एकर. या एका ओळीमुळे शेकडो शेतकरी सायडर करत राहिले. जुने वाण टिकले, जुनी पेरीची झाडं तोडायची राहिली. पेरीच्या पेअरला जम बसायला इतकी वर्षं लागतात की बाप लावतो आणि नातू खातो असं तिकडेही म्हणतात. झाड दोन-तीनशे वर्षं जगतं. अशा झाडाला तीस वर्षांचा करारसुद्धा अपुराच.

आणि गिऱ्हाईक कुठून आलं? इथे उत्सवांचा वाटा आहे. 1971 मध्ये चार मित्रांनी मिळून खऱ्या बिअरसाठी चळवळ सुरू केली, कारण मोठे कारखाने सगळीकडे गॅस भरलेली एकाच चवीची बिअर विकू लागले होते. 1975 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्यांनी मोठा बिअर उत्सव भरवला, 1977 मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसला देशपातळीवरचा. नंतर सायडर आणि पेरीही त्यांनी हाती घेतली. 1990 मध्ये 21 ऑक्टोबरला दुसऱ्या एका संस्थेने कॉव्हेंट गार्डनमध्येच पहिला सफरचंद दिवस साजरा केला, तो आता गावोगाव होतो. लक्षात घ्या, ही चळवळ शेतकऱ्यांनी नाही, गिऱ्हाइकांनी केली. तिथल्या नियमाप्रमाणे बाटलीवर सायडर लिहायला फक्त 35 टक्के रस पुरतो. बाकी पाणी आणि साखर चालते. हे गिऱ्हाइकाला कळलं की तो पूर्ण रसाची बाटली शोधत शेतावर येतो. त्या तंबूत मी तेच बघत होतो. शहरातली पोरं शेतकऱ्याला विचारत होती, हा वाण कुठला, झाड किती वर्षांचं.

आता आपल्याकडे या. 2001 मध्ये महाराष्ट्राने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क जाहीर झाले. नाशिककडे शिराझ, कॅबरनेट, शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यॉन ब्लांकच्या बागा लागल्या. 2008 ची जागतिक मंदी आली, त्याच वर्षी मुंबईवरचा हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनरीच्या टाक्या भरलेल्या राहिल्या. अनेक शेतकऱ्यांची द्राक्षं घ्यायला कुणी नव्हतं, कुणाचे पैसे अडकले. माझ्या शेजारच्या शिवारात चार वर्षांच्या वाइनच्या बागा ट्रॅक्टरने उपटलेल्या मी बघितल्या आहेत. तार आणि अँगल विकून मजुरी भागवली लोकांनी. ज्यांच्याकडे अर्धी बाग टेबलची होती ते तगले.

मला कुणी म्हणेल, मग काय, आपणही सायडरवाल्यांसारखी घरी वाइन करायची का? आपल्याकडे परवाना, अबकारी, बाटली, विक्री हे सगळं दीड एकरवाल्याच्या आवाक्यातलं नाही, आणि माझ्या घरात तो विषयही निघणार नाही. मुद्दा पिण्याचा नाहीच. साडेतीनशे वर्षांचा हा सगळा हिशेब मला असा दिसतो: शेतकऱ्याच्या हातात दुसरा रस्ता होता, मग तो घरचा घाणा असो, करातली सूट असो की दारात येणारं गिऱ्हाईक, तेव्हा कारखान्याचा करारही त्याला चांगला पडला. दुसरा रस्ता गेला की तोच करार, तेच फळ, तोच शेतकरी, पण भाव ठरवणारा समोरचा.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवलंय ते मांडतो. दीड एकरातला पाऊण एकर शेनिनवर टेबलचा वाण टॉप ग्राफ्टिंग करून बदलणार. खुंट आणि मुळं तीच, त्यामुळे एखादा हंगाम जाईल, बाग जाणार नाही. उरलेल्या पाऊण एकराची सही करायला मी तयार आहे, पण तीन गोष्टी कागदावर हव्यात. एक, किमान भाव आकड्यात, "बाजारभावाप्रमाणे" हा शब्द नको. दोन, ब्रिक्स माझ्या बांधावर माझ्यासमोर मोजायचं आणि उचल ठरलेल्या दिवसांत व्हायची, नाहीतर उशिराचं वजन त्यांच्या नावावर. तीन, करार थांबवायचा असेल तर छाटणीच्या आधी कळवायचं, काढणीच्या तोंडावर नाही. वाइनरीच्या माणसाने पहिल्या दोन गोष्टींना मान हलवली. तिसऱ्याला "वर विचारून सांगतो" म्हणाला. त्या तिसरीवरच माझी सही अडलेली आहे.

वडील म्हणाले, "एवढा ताणू नको, दुसरं कोण घेणार आहे?" मी म्हणालो, "दादा, म्हणूनच ताणतोय."

ज्यांनी वाइनच्या द्राक्षांचे, बटाट्याचे, बियाण्याचे, काकडीचे करार केलेत त्यांना विनंती. तुमच्या करारात माल नाकारण्याची मुदत कशी लिहिली आहे, शब्द जसेच्या तसे टाका, कंपनीचं नाव नको. आणि टॉप ग्राफ्टिंग केलेल्यांनी पहिल्या वर्षी काडी किती धरली तेही सांगा. डोळे भरायच्या आत मला दोन्ही उपयोगी पडेल.